दोन आटे

पहिला दिवा लागला सावद्याच्या रेल्वे गेटाशी,
पिवळा. इंजिनाचं चित्र म्हणतात त्याला,
मला तर तोटी गेलेल्या नळासारखं दिसलं.
मग एबीएस.
आणि फैजपूर येईस्तोवर
लाल वर्तुळात उभं राहिलं उद्गारचिन्ह,
जणू मी काही मोठं बोललो होतो.

गाडी चार दिवसांपूर्वीच धुळ्याहून करून आणलेली.
बिनक्लचची वॅगनार, स्टिअरिंगखाली दांडी:
ओढली की पळायचं, ढकलली की थांबायचं.
सत्तावीस हजार, पावती कच्ची.
धुळेवाला फोनवर म्हणाला,
साहेब, दिव्यांकडे कशाला बघता, रस्त्याकडे बघा.
मेहुणा म्हणाला, काळी टेप चिकटव.
मी बॅटरीची वायर काढून दहा मिनिटं थांबलो, परत लावली.
पाडळशापर्यंत अंधार राहिला डॅशबोर्डवर.
पाडळसं ओलांडलं
आणि तिघं परत हजर.

सिकंदर तडवीच्या गॅरेजला छप्पर अर्धंच.
उरलेल्या अर्ध्यात मे महिना.
त्यानं खाली कुठंतरी स्कॅनर खुपसला,
पडद्यावर आकडा आला, तो हसला.
"दोन बटनांचं पटत नही, झोपेभाऊ.
एक म्हनतं ब्रेक दाबेल हाये, एक म्हनतं नही."
मग उताणा शिरला डॅशबोर्डखाली,
पाय तेवढे दाराबाहेर.
दोन. एका अंगठ्याचं नख निळं पडलेलं.
मी बघत बसलो ते पाय, कुबडी मांडीवर घेऊन.

"रमजू, मांगं पाय रे."
मागून पोऱ्या ओरडला, "लाल जळू राह्यले, दोन्ही!"
तेव्हा कळलं, भुसावळपासून ते ट्रकवाले
मागून डिपर का मारत होते.
चार दिवस मी थांबतोय थांबतोय म्हणत
साठनं पळत होतो.

"गाडीले वाटू राह्यलं," आतून सिकंदरचा आवाज,
"तुमचा पाय अजून तठीच हाये."

पान्याची टकटक थांबली.
"म्हन्जे पेडल हो. दांडीच्या वजनानं
पुरं वर येत नही. मी पेडलचं म्हनलं."

मी म्हटलं, मलाही वाटतं.
रात्री अडीचला उजव्या तळव्याला खाज सुटते.
बायको विचारते, कुठं?
मी चादरीवरची सपाट जागा दाखवतो.
ती खाजवते तिथं, चादरीलाच, झोपेतल्या झोपेत,
आणि खोटं कशाला बोलू,
बरं वाटतं.

सिकंदर बाहेर आला, काही बोलला नाही.
हात पुसत गॅरेजमागे बोट केलं.
तिकडं केळीचा बाग कालच कापलेला,
घड गेले, खोडं कमरेएवढी उरलेली,
आणि प्रत्येक कापल्या तोंडातून
एका रात्रीत चार बोटं वर आलेला
पांढरा गाभा. पान काढायचंच म्हणतो.
"त्याले कोन सांगनार," तो म्हणाला,
आणि पुन्हा खाली शिरला.

चेकनट सैल केला, बटण दोन आटे पुढे घेतलं,
लुनाच्या स्टँडची जुनी स्प्रिंग पेडलला अडकवली.
चावी फिरवली तर सगळेच दिवे लागले,
माझा चेहरा बघून म्हणाला, घाबरू नका,
ती सोताले तपासते.
एकेक करत विझले.
दीडशे रुपये घेतले. स्प्रिंगचे नाही घेतले.

बामणोदच्या वळणावर
केळीची ट्रॉली आडवी आली, दिवे नसलेली.
मी दांडी ढकलली.
पण त्याआधी, क्षणभर आधी,
खाली अंधारात कोणीतरी
जोरात पाय रोवला.

गाडी थांबली हातभर अलीकडे.
डॅशबोर्डवर काहीच लागलं नाही.